नव्या राउटरवर जुनी उपकरणं जोडत नाहीत: सुरक्षा खाली आणण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवा राउटर बसवला, सुरक्षेच्या पानावर डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) दिसलं म्हणून तेच निवडलं. दोन फोन आणि लॅपटॉप लगेच जोडले गेले. प्रिंटर, दोन स्मार्ट प्लग आणि एक जुना टॅबलेट मात्र 'पासवर्ड चुकीचा आहे' हेच सांगत राहिले. मग 'डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिश्र' असा पर्याय लावला, तर सगळं जोडलं गेलं. पण आयफोन 'वीक सिक्युरिटी' असा इशारा देऊ लागला आणि लॅपटॉपच्या जोडणीचा वेग ५४ मेगाबिटवर येऊन बसला. आता कुणी सुचवतंय की नेटवर्कचं नाव लपवा आणि मॅक फिल्टर लावा, म्हणजे यादीत पत्ता असलेल्या उपकरणांनाच आत घ्या. तर नक्की काय ठेवायचं?

पहिली गोष्ट म्हणजे पासवर्ड बहुधा बरोबरच आहे. जोडणीची बोलणी मध्येच फिसकटली की साध्या उपकरणांना त्याचं कारण कळत नाही, मग ती सरसकट पासवर्डला दोष देतात. त्यामुळे तो दहा वेळा टाइप करून काही होणार नाही. तुमच्या घरात दोन पिढ्यांची उपकरणं आहेत आणि एकाच सेटिंगमध्ये सगळ्यांना बसवायचा प्रयत्न चाललाय, अडचण तिथं आहे. सगळ्यांत जुन्या उपकरणाला झेपेल इतपत सुरक्षा अख्ख्या घराची खाली आणायची का? माझ्या मते अजिबात नाही, आणि तुमच्या बाबतीत तशी गरजही दिसत नाही.

का, ते बघा. वेप हे मूळचं कुलूप १९९७चं, २००१मध्येच ते फुटलं. मग २००३मध्ये डब्ल्यूपीए आलं. जुन्याच चिपवर चालावं म्हणून टीकेआयपी नावाची तात्पुरती डागडुजी त्यात केलेली होती. खरं नवं कुलूप म्हणजे २००४चं डब्ल्यूपीए२, एईएस एन्क्रिप्शनसह. मार्च २००६पासून वायफाय प्रमाणपत्र हवं असेल तर डब्ल्यूपीए२ असणं बंधनकारक झालं. तुमचा टॅबलेट कितीही जुना असला तरी त्यानंतरचाच असणार, आणि स्मार्ट प्लग तर फारच अलीकडचे. म्हणजे टीकेआयपीची गरज असलेलं तुमच्या घरात बहुधा काहीच नाही. मिश्र पर्यायावर सगळं चालू झालं ते त्यातल्या डब्ल्यूपीए२मुळे. त्याच्याबरोबर टीकेआयपी फुकट आत आलं आणि दोन्ही नव्या तक्रारी त्याच्याच आहेत.

५४ हा आकडा तर त्याच्या बोटांचा ठसाच समजा. ८०२.११एन या वायफाय मानकाचे आणि त्यापुढचे वेग टीकेआयपीबरोबर वापरायला मानकातच मनाई आहे. लॅपटॉपची जोडणी टीकेआयपीवर गेली की ती थेट त्याआधीच्या ८०२.११जीच्या जमान्यात, म्हणजे सेकंदाला ५४ मेगाबिटवर जाते. विंडोजमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सिक्युरिटी टाइप' आणि जोडणीचा वेग दोन्ही दिसतात. ॲपलच्या मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की सुरक्षा, चॅनल आणि वेग एकत्र दिसतो. प्रत्येक बदलानंतर हे बघायची सवय लावा. राउटरच्या पानावर काय निवडलंय यापेक्षा प्रत्यक्ष काय ठरलंय ते महत्त्वाचं.

आता कामाला लागू. राउटरच्या सेटिंगला हात लावायच्या आधी लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा. वायफायवरून वायफायचीच सुरक्षा बदलणं म्हणजे बसलेली फांदी तोडणं आहे, सेव्ह दाबलं की तुम्हीच बाहेर. सुरक्षेच्या पानाचा आत्ताचा फोटो काढून ठेवा आणि बॅकअपची सोय असेल तर फाइल उतरवून घ्या. फर्मवेअर अपडेट आलेलं असेल तर ते आधी करा, कारण डब्ल्यूपीए३ आणि मिश्र पर्यायांतल्या बऱ्याच खोडी राउटरच्या सॉफ्टवेअरमध्येच असतात आणि अपडेटने जातात. अपडेटनंतर सेटिंग आपोआप बदललंय का तेही पाहा.

मग सुरक्षेचा पर्याय 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ पर्सनल' करा. नावात फसू नका, कारण यादीत 'डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२' आणि 'डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३' असे दोन मिश्र पर्याय असतात आणि दोघांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. 'पर्सनल' आणि 'पीएसके' एकाच अर्थाने वापरलेले दिसतील. 'एंटरप्राइज'ला वेगळा सर्व्हर लागतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. एन्क्रिप्शन वेगळं विचारलं तर फक्त 'एईएस' किंवा 'सीसीएमपी' निवडायचं. 'ऑटो' किंवा 'टीकेआयपी+एईएस' नको. पीएमएफ किंवा 'प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स' (जोडणी सांभाळणारे निरोप सुरक्षित ठेवण्याची सोय) असं काही दिसलं तर 'ऑप्शनल' किंवा 'केपेबल' ठेवा. 'रिक्वायर्ड' केलं की ज्याला पीएमएफ येत नाही त्याला दारातूनच परत जावं लागतं. डब्ल्यूपीए३मध्ये पीएमएफ सक्तीचं असतं, आणि प्रिंटर-प्लगांना बाहेर ठेवणाऱ्या दोन गोष्टींपैकी ही एक. दुसरी म्हणजे डब्ल्यूपीए३ची पासवर्ड पडताळण्याची नवी पद्धत, एसएई, जी या उपकरणांना माहीतच नाही.

सेव्ह करा, राउटर पूर्ण चालू होईपर्यंत दोन-तीन मिनिटं थांबा, आणि प्रत्येक उपकरणावर हे नेटवर्क 'विसरा', म्हणजे फर्गेट करा. ही पायरी लोक हमखास गाळतात. उपकरण नाव आणि पासवर्डाबरोबर सुरक्षेचा प्रकारही लक्षात ठेवतं. राउटर बदलला पण जुनी नोंद तशीच राहिली, तर ते जुन्याच पद्धतीने बोलायला जातं. विसरून नव्याने जोडलं की अर्ध्या तक्रारी तिथंच मिटतात.

एवढ्यावर सगळं चाललं तर उत्तम. नाही चाललं तर पुढचं सेटिंग बदलण्याआधी उपकरण कुठल्या टप्प्यावर अडतंय ते ओळखा. टप्पे तीनच आहेत: नेटवर्क दिसणं, पासवर्ड पटणं, आणि आयपी पत्ता मिळणं. तिन्हींची औषधं वेगळी आहेत.

नेटवर्कचं नावच यादीत येत नसेल तर तो बहुतेक वेळा सुरक्षेचा प्रश्न नसतो. स्मार्ट प्लग साधारणपणे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांना ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसणारच नाही. राउटरने २.४वर १२ किंवा १३ क्रमांकाचा चॅनल आपोआप पकडला असेल तर काही उपकरणं तिथं ऐकतच नाहीत. १, ६ किंवा ११ पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. नव्या राउटरवर २.४मध्ये 'एएक्स' किंवा 'वायफाय ६' चालू असतं. त्याची घोषणा काही जुन्या वायफाय ड्रायव्हरांना वाचता येत नाही, आणि त्यांना ते नेटवर्क अदृश्य होतं. लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर अपडेट करा. टॅबलेटला ती सोय नाही, तेव्हा २.४वर एएक्स बंद करून बघा. नेटवर्कला मराठीत नाव दिलं असेल तर आणखी एक गंमत आहे. नावाला ३२ बाइटची मर्यादा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-अनुस्वारही, तीन बाइट खातं. म्हणजे जेमतेम दहा चिन्हं. 'आमचं घर' १९ बाइटमध्ये बसतं, 'आमच्या घराचं वायफाय' ५३ बाइट होतं आणि बसत नाही. प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर तर अशी नावं चौकोन-चौकोन दिसतात. या उपकरणांसाठी नाव साध्या इंग्रजी अक्षरांत आणि अंकांतच ठेवा.

नाव दिसतंय, पण पासवर्डाशी येऊन अडतंय, तर प्रश्न खरोखर सुरक्षेचा आहे. आधी पासवर्डमधली अक्षरं तपासा. फोनवरून टाइप केलेलं अवतरणचिन्ह कधी कधी सरळ न येता वळणदार येतं, आणि कॉपी-पेस्टमध्ये शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते. डब्ल्यूपीए२चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, पण काही उपकरणं लांब पासवर्ड निमूटपणे कापून घेतात. अक्षरं ठीक असतील तर डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ हा मिश्र पर्यायच त्या उपकरणाला पचत नाहीये. राउटर आपल्या घोषणेत दोन्ही पद्धती जाहीर करतो. अनोळखी नोंद सोडून ओळखीची घ्यावी एवढीच अपेक्षा असते, पण काही जुनी सॉफ्टवेअरं यादीतली अनोळखी नोंद बघूनच गांगरतात. अशा उपकरणाला निव्वळ डब्ल्यूपीए२-एईएस, पीएमएफ बंद, असंच नेटवर्क लागतं. ते कसं द्यायचं ते पुढे आलंय.

पासवर्ड पटला, 'कनेक्टेड' आलं, तरी काम होत नाही, हा तिसरा प्रकार. उपकरणाचा आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. प्रिंटरमध्ये मात्र याहून नेहमीची भानगड वेगळी असते: जुन्या राउटरच्या काळात कुणीतरी त्याला कायमचा पत्ता देऊन ठेवलेला असतो. जुना राउटर १९२.१६८.०.१वर होता, प्रिंटर १९२.१६८.०.५०वर बसवलेला. नवा राउटर १९२.१६८.१.१वर आहे. प्रिंटर वायफायला जोडलाय, सुरक्षा बिनचूक आहे, आणि तरी तो चुकीच्या गल्लीत उभा आहे. प्रिंटरच्या नेटवर्क मेनूत 'मॅन्युअल' किंवा 'स्टॅटिक' काढून 'ऑटो' किंवा 'डीएचसीपी' करा. पत्ता कायम हवाच असेल तर तो राउटरमध्ये राखून ठेवा, प्रिंटरमध्ये नको.

प्लग नव्याने जोडताना एक वेगळीच आडकाठी येते. प्लगचं ॲप फोनला २.४वर शोधतं आणि फोन ऐटीत ५वर बसलेला असतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर फोनला खाली उतरवायचा सोपा उपाय म्हणजे जोडणी होईपर्यंत ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवायचा. प्लग जोडला गेला की परत चालू करा.

आता हट्टी उपकरणांची वेगळी सोय. बहुतेक राउटरवर 'गेस्ट' किंवा 'आयओटी' नावाने दुसरं नेटवर्क सुरू करता येतं. ते फक्त २.४वर, डब्ल्यूपीए२-एईएसवर ठेवा. इथं एक युक्ती वेळ वाचवते. तुमचे प्रिंटर आणि प्लग आत्ताच्या नेटवर्कचं नाव-पासवर्ड आधीच ओळखतात. तेव्हा तेच नाव आणि तोच पासवर्ड, लहान-मोठ्या अक्षरांसकट, दुसऱ्या नेटवर्कला द्या, आणि मुख्य नेटवर्कला नवं नाव-पासवर्ड द्या. प्लग आपोआप आत येतात, आणि तुम्हाला नव्याने जोडावे लागतात फक्त दोन फोन आणि लॅपटॉप. त्या तिघांवर जुनं नाव विसरायला लावा, नाहीतर ते जुन्या ओळखीने मागच्या दाराने जातील. आत्ताचा पासवर्ड कच्चा असेल तर मात्र ही युक्ती सोडा आणि दोन्हीकडं नवा टाका.

हे झालं की मुख्य नेटवर्क परत निव्वळ डब्ल्यूपीए३वर नेता येतं, कारण त्यावर उरलेल्या तिन्ही उपकरणांनी ते आधीच पेललंय. मिश्र पर्याय वाईट नाही, पण त्यात एक फट राहते. २०१९मध्ये मॅथी व्हॅनहूफ आणि इयाल रोनेन या सुरक्षा संशोधकांनी दाखवलं की त्याच नावाचं बनावट डब्ल्यूपीए२ नेटवर्क उभारून उपकरणाला जुन्या पद्धतीवर उतरवता येतं आणि मग पासवर्डावर अंदाज चालवता येतात. वरचेवर येणाऱ्यांचे जुने फोन वगैरे असतील तर त्यांच्यासाठी दुसरं नेटवर्क आहेच.

दुसऱ्या नेटवर्कवर 'आयसोलेशन' नावाचा खटका असतो. तो चालू असला की तिथलं उपकरण इंटरनेटशी बोलतं, घरातल्या बाकी कुणाशी नाही. प्लगांना हे मानवतं, कारण बहुतेक प्लग त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत चालतात. प्रिंटरला नाही मानवत. तो तिथं गेला की लॅपटॉपला दिसेनासा होतो आणि लोक परत सुरक्षेच्या सेटिंगशी झुंजत बसतात. प्रिंटरला लॅनचं भोक असेल तर सरळ केबल लावा. नसेल आणि तो मिश्र पर्यायावर चालत असेल, तर मुख्य नेटवर्क मिश्रच राहू द्या, मी तरी तसंच ठेवेन. तेही जमत नसेल तर दुसऱ्या नेटवर्कचं आयसोलेशन काढा, पण मग तिथला पासवर्डही मुख्य नेटवर्कइतकाच भक्कम हवा.

भक्कम म्हणजे किती, याचा हिशोब करून बघू. डब्ल्यूपीए२मध्ये उपकरण जोडलं जाताना होणारी देवाणघेवाण कुणीही हवेतून टिपू शकतं आणि घरी नेऊन निवांत अंदाज लावू शकतं, राउटरला पत्ताही लागत नाही. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाख पासवर्ड तपासतं. दहा आकडी फोन नंबर पासवर्ड म्हणून ठेवला असेल तर एकूण शक्यता १,००० कोटी. दहा लाखांनी भागा, दहा हजार सेकंद, म्हणजे तीन तासही नाहीत. तेच चार-पाच असंबद्ध शब्द जोडून वीसेक अक्षरांचा पासवर्ड केला की हे गणित कोलमडतं. मुलांचं नाव आणि जन्मसाल यांची जोडी असंबद्ध धरू नका. डब्ल्यूपीए३मध्ये प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावं लागतं, म्हणून घरी नेऊन फोडता येत नाही. त्याचा खरा फायदा हाच. नेटवर्कचं कारखान्यातून आलेलं नाव बदलण्यालाही अर्थ आहे, कारण पासवर्डापासून किल्ली बनवताना ते नाव त्यात मिसळलं जातं आणि प्रचलित नावांसाठी तयार तक्ते बनवून ठेवता येतात.

नाव लपवण्याचा आणि मॅक फिल्टरचा सल्ला मी तरी मानणार नाही. लपवलेलं नाव जोडणीच्या वेळी उघडंच हवेतून जातं, आणि वर तुमचा फोन जाईल तिथं ते नाव पुकारत फिरतो. मॅक पत्ता, म्हणजे उपकरणाच्या वायफायचा ओळख क्रमांक, तर प्रत्येक निरोपाच्या पाठीवर उघडा लिहिलेला असतो, तो बघून नक्कल करायला मिनिटही लागत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४पासून फोन स्वतःच प्रत्येक नेटवर्कला वेगळा बनावट पत्ता दाखवतात, त्यामुळे खोक्यावरचा पत्ता फिल्टरमध्ये टाकलात तर बाहेर राहील तुमचाच फोन.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने उपकरण जोडायची सोय, त्यातला पिन मात्र नक्की बंद करा. आठ आकड्यांचा तो पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत तो सापडतो. हे २०११पासून माहीत आहे. निव्वळ डब्ल्यूपीए३ लावलं की डब्ल्यूपीएस चालत नाही, म्हणून ते बटण करडं पडलं तर राउटर बिघडला असं समजू नका. राउटरच्या पानाचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डाहून वेगळा ठेवा आणि बाहेरून राउटर हाताळायची सोय बंद ठेवा.

सगळं जुळल्यावरही एखादं उपकरण अगदी ठरावीक अंतराने, समजा बरोबर तासाने, तुटत असेल तर 'ग्रुप की' बदलण्याचा अवधी बघा. तो सहसा ३,६०० सेकंद असतो. सामायिक किल्ली बदलताना उपकरणाने वेळेत उत्तर दिलं नाही की राउटर त्याला बाहेर काढतो, आणि बॅटरी वाचवायला झोपणारी उपकरणं यात सापडतात. अवधी वाढवून तुटण्याचं अंतरही तेवढंच वाढतंय का ते पाहा. वाढलं तर कारण सापडलं. काहीच नियम न पाळता तुटत असेल तर 'फास्ट रोमिंग' किंवा ८०२.११आर बंद करून बघा, जुन्या उपकरणांचं त्याच्याशी पटत नाही.

राहिला टॅबलेट. निव्वळ डब्ल्यूपीए२-एईएसच्या दुसऱ्या नेटवर्कवरही तो आला नाही, तर त्याचं वायफाय सेटिंग रीसेट करून एकदा शेवटचा प्रयत्न करा. तरीही नाही म्हणाला तर त्याच्यासाठी टीकेआयपी परत आणू नका. त्याला सुरक्षा अपडेट येणं केव्हाच बंद झालेलं असणार. व्हिडिओ आणि पुस्तकं मेमरी कार्डात टाकून तो वायफायशिवाय वापरा.